घोड्यावरच्या संघात निवड कशी होते?

मागच्या बैठकीत हप्त्यांचं काम आटोपल्यावर आपण मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. कॉलेजातली मुलगी घोड्यावर बसून एका गाईला कुंपणाच्या कडेने वळवत होती. "हिला हे शिकवलं कुणी? आणि घोडा कुणाचा?" असं दोघीतिघींनी विचारलं. म्हणून आज त्याबद्दल बोलू.

हा खेळ अमेरिकेतला. टेक्सास, कोलोरॅडो, वायोमिंग या राज्यांत गुरांची मोठमोठी कुरणं आहेत, त्यांना रँच म्हणतात. कळपातून एखादं जनावर वेगळं काढायला तिथं अजूनही घोडा लागतो. त्याच कामाच्या पुढे स्पर्धा झाल्या. टेक्सास टेक, कोलोरॅडो स्टेट अशा विद्यापीठांचे त्यासाठी संघ आहेत. मुलगे आणि मुली एकाच मैदानात उतरतात, गुणही एकाच मापाने मिळतात.

स्पर्धेत साधारण चार कामं असतात. पहिलं, घोडा चाल, दुडकी, दौड अशा वेगवेगळ्या गतीने शांतपणे चालवणं. दुसरं, खाली न उतरता फाटक उघडून लावणं, ओंडक्यांवरून घोडा नेणं. तिसरं, गिरक्या आणि वेगात येऊन एकदम थांबणं. चौथं म्हणजे गाय. ती मान कुठं फिरवते ते पाहून, ती वळायच्या आत घोडा आडवा घालायचा. गुरं राखलेल्या आपल्या बायकांना यातलं मर्म वेगळं सांगायला नको!

आता निवड. बहुतेक ठिकाणी ती कॉलेजचं वर्ष सुरू होताना होते. काही प्रशिक्षक आधी व्हिडिओ मागवतात. मुलीला वाटतं, परीक्षा खोगिरावर बसल्यावर सुरू होईल. पण जाणता प्रशिक्षक ती घोडा ठाणावरून कशी आणते, खरारा कसा करते, खूर उचलून पाहते का, खोगिराचा पट्टा पुन्हा तपासते का, हे बघत असतो. मग तिला अनोळखी घोडा देतात. लगाम हिसकणारी मुलगी तिथंच कळते. घोडा बिथरला तर चिडते की थांबून पुन्हा सांगते, हेही दिसतं. आम्हाला तर वाटतं, सून बघायला जाणाऱ्यांपेक्षा हे लोक बारकाईने बघतात.

गुणांचा हिशोब आपल्या वहीसारखाच आहे. सुरुवात 70 गुणांनी होते. प्रत्येक हालचाल ठीक झाली तर शून्य, चांगली झाली तर अर्ध्यापासून दीडपर्यंत अधिक, वाईट झाली तर तितकेच वजा. समजा तीन हालचालींना अर्धा-अर्धा गुण मिळाला, एकीचा अर्धा गेला आणि चुकीचा एक गुण दंड झाला, तर बेरीज पुन्हा 70. हालचालींचा क्रम आधी कागदावर देतात, तो पाठ करायचा.

घोडा कुणाचा, हा प्रश्न खरा. काही संघांत कॉलेजचे घोडे असतात, काहींत मुलं स्वतःचा आणतात. तिकडेही घोडा पाळणं स्वस्त नाही. 1967 साली कॉलेजांची एक घोडेस्वारी संघटना निघाली. तिच्या स्पर्धांत घोडा यजमान कॉलेज देतं आणि कुणाला कुठला, हे चिठ्ठीने ठरतं. नवशिक्यांचा गटही वेगळा असतो. ज्यांच्या घरी तबेला नाही, अशा मुलींना त्यामुळे दार उघडलं.

नाव देण्याआधी मुलीने चार गोष्टी विचारून घ्याव्यात. घोडा कोण देणार? वर्षाची वर्गणी किती? सराव कोणत्या वेळी, म्हणजे तास बुडणार नाहीत ना? पडून लागलं तर दवाखान्याचा खर्च कुणाचा? कागदावर सही मागतात, तो आधी घरी नेऊन वाचावा. शिरस्त्राण तर घालायचंच, बाकीच्यांनी नुसती हॅट घातली असली तरी.

निवड झालेल्या मुलीच्या वाट्याला आधी तबेल्याचं काम येतं. शेण उचलायचं, पाणी भरायचं, आणि मग सराव.