खवल्याची किंमत आणि खवल्याचे मोल

इंग्लंडमधील लीड्सच्या शस्त्रसंग्रहालयात एक विलक्षण चिलखत आहे. भारतातील खवले मांजराचे खवले एकावर एक रचून, त्यांवर सोनेरी नक्षी काढून ते घडविलेले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी ते राजा तिसरा जॉर्ज याला नजर करण्यात आले. त्या अज्ञात कारागिराने जी रचना उचलली, तिचाच अभ्यास आज प्रयोगशाळांत चालू आहे.

चिलखताचा प्रश्न मुळात अर्थशास्त्राचाच आहे: एक मिळवावयाचे तर दुसरे किती सोडावयाचे? पत्रा जाड केला तर माणसाला वाकता येत नाही. आवरण पातळ ठेवले तर सुरी आरपार जाते. निसर्गाने यावर तोड काढली ती अशी: मऊ त्वचेवर कठीण, सुटे तुकडे आणि प्रत्येकाची कड शेजाऱ्यावर चढलेली. अंग वाकले की तुकडे सरकतात, पण फट पडत नाही. आफ्रिकेतील पॉलिप्टेरस माशाच्या खवल्यांची थरांची रचना एमआयटीच्या संशोधकांनी २००८ मध्ये उलगडून दाखविली. कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठात मऊ थरावर काचेच्या षट्कोनी चकत्या बसवून लवचीक कवच तयार झाले.

येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. खवला विकला की तो एकालाच मिळतो आणि जनावर संपते. रचनेचे ज्ञान मात्र हजारांनी वापरले तरी उणे होत नाही. असे असूनही बाजार किंमत देतो ती खवल्यालाच! वास्तविक तो आपल्या नखाप्रमाणे केराटिनचा. खवले मांजराच्या आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१६ च्या जोहान्सबर्ग परिषदेने बंदी घातली. भारतात १९७२ चा वन्यजीव कायदाही आहे. तरी तस्करी थांबलेली नाही. कोकणातील गरीब माणसापुढे तस्कर रोख पैसे ठेवतो. जिवंत जनावर राखल्याबद्दल त्याच्या हाती काय पडते? प्रयोगशाळाही निसर्गाचा धडा फुकटच घेतात. अशा शोधांच्या उत्पन्नातील काही वाटा ही जनावरे राखणाऱ्या गावांकडे वळविता येणार नाही काय?

हा प्राणी संकटात अंगाचा गोळा करून घेतो. त्यापुढे वाघाचेही दात हरतात. परंतु तोच गोळा माणसाला सहज उचलून पोत्यात टाकता येतो. ज्याच्याकडून आपण संरक्षणाची विद्या शिकतो, त्याच्या संरक्षणाचा खर्च कोणी तरी उचललाच पाहिजे.