एकसंधी ट्रान्झिस्टर

बेंगळुरूच्या सर्जापूर रोडवरील एखाद्या घरात चकती फिरवून दिवा मंद केला जातो, तेव्हा जादा वीज रोधकात जिरवली जात नाही. प्रत्यावर्ती प्रवाहाच्या प्रत्येक अर्धआवर्तनात दिवा किंचित उशिरा लागतो, एवढेच. हा उशीर ठरविण्याचे काम आज अशा कळीत बहुधा डायॅक हा घटक करतो. जुन्या औद्योगिक नियंत्रकांत ते एकसंधी ट्रान्झिस्टरकडे असे.

अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत १९५३ च्या सुमारास तो निपजला. प्रारंभी त्यास 'द्वि-आधारी डायोड' म्हणत, आणि ते नाव अधिक यथार्थ होते. कारण वर्धक म्हणून तो जवळजवळ निरुपयोगी आहे. ऋण प्रकारच्या सिलिकॉनची एक कांडी, तिच्या दोन टोकांना दोन आधार आणि कुशीत धन प्रकारचा उत्सर्जक, अशी त्याची रचना असते. कांडीवर २० व्होल्ट दाब दिला, तर उत्सर्जकापाशी त्याचा ठराविक अंश, समजा ०.६३ म्हणजे १२.६ व्होल्ट, आढळतो. उत्सर्जकाचा दाब याहून सुमारे अर्धा व्होल्ट अधिक होईतो संधी बंद राहते. मर्यादा ओलांडताच धन भार कांडीत शिरतात, खालच्या भागाचा रोध एकाएकी कोसळतो आणि उत्सर्जकास जोडलेले धारित्र क्षणात रिते होते. त्या स्पंदाने थायरिस्टर चालू होतो.

१०० किलो-ओहम रोध व ०.१ मायक्रोफॅराड धारित्र घेतल्यास दोन स्पंदांमध्ये सुमारे १० मिलिसेकंद जातात. ५० हर्ट्झच्या प्रवाहाचे अर्धआवर्तनही तेवढेच. पुरवठ्याचा दाब घटला तरी हा काळ फारसा बदलत नाही, कारण धारित्र भरण्याचा वेग आणि गाठावयाची मर्यादा ही दोन्ही सारख्याच प्रमाणात घटतात. याच गुणाचा दुसरा लाभ मोठा आहे. मंडलास एकदिश केलेला पण न गाळलेला दाब दिला, की प्रत्येक अर्धआवर्तनाच्या शेवटी मर्यादाही शून्यावर येते, धारित्र रिते होते आणि मोजणी नव्याने सुरू होते. असे झाले नाही, तर थायरिस्टर भलत्याच क्षणी चालू होऊन दिवा लुकलुकेल, मोटार हिसके देईल.

१९७२ मध्ये आलेल्या ५५५ या एकात्मित मंडलाने व पुढे सूक्ष्मनियंत्रकांनी त्याची बरीचशी कामे घेतली. तथापि बेळगावच्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात थायरिस्टर चालू करण्याचा हा प्रयोग नंतरही राहिला. दोलनदर्शकावर करवतीच्या दात्यांसारखी रेषा तेथे विद्यार्थ्यांस स्पष्ट दिसते.