नटराजाच्या लेण्यात क्रूस

लेक्चर बंक करून नॅशनल पार्क गाठणारे बरेच आहात. पण बोरिवली पश्चिमेला, आयसी कॉलनीजवळच्या मंडपेश्वर लेण्यात कितीजण गेलात?

हजाराहून जास्त वर्षं जुनं शैव लेणं. आत तांडव करणारा शिव आहे, बराच झिजलेला, तुटलेला. आणि तिथेच खडकात कोरलेला भलामोठा क्रूस! सोळाव्या शतकात पोर्तुगीज फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी या लेण्याचं चर्च केलं. वर त्यांच्या इमारतीचे अवशेष अजून उभे आहेत.

मूर्तींवर एवढा राग का? बायबलच्या ‘निर्गम’ पुस्तकात, 20 व्या अध्यायात, कोरीव मूर्ती करून तिच्यापुढे वाकायला मनाई आहे. स्तोत्र 115 तर मूर्तींची चक्क थट्टा करतं, तोंड असून मुक्या म्हणून. हा ग्रंथ मुळात ज्यूंचा. आपल्या कोकणातले बेने इस्राएलही हीच आज्ञा पाळत आले, त्यांच्या सिनेगॉगमध्ये मूर्ती नसते. फरक एवढाच की त्यांच्या हाती सत्ता नव्हती.

गंमत बघा, पाद्र्यांच्या स्वतःच्या चर्चमध्ये मेरीचे पुतळे चालायचे. 787 साली निकियाच्या धर्मपरिषदेने ठरवलं होतं की मान प्रतिमेला नाही, ती ज्याची आहे त्याला पोचतो. माझी आजी देव्हाऱ्यापुढे अगदी हेच सांगते. मग नटराजाला ही सवलत का नव्हती?

1739 मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली, पोर्तुगीज गेले. आज लेण्यात शिवलिंगाची पूजा होते. क्रूसही आहे तिथेच.