गेट म्हणजे दरवाजा? यॉर्कमध्ये नाही!

आज जाऊया इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात. मॅप उघडा आणि नावं वाचा: स्टोनगेट, कॉपरगेट, मिकलगेट. वाटेल, काय हे, शहरभर दरवाजेच दरवाजे! पण हे सगळे रस्ते आहेत. मग जुन्या तटबंदीचे खरेखुरे दरवाजे? त्यांना तिथे म्हणतात 'बार'. मिकलगेट रस्त्यावरची वेस म्हणजे मिकलगेट बार!

ही भानगड झाली कशी? इ.स. 866 मध्ये व्हायकिंगांनी यॉर्क जिंकलं आणि पुढे तिथेच संसार थाटले. त्यांच्या भाषेत रस्ता म्हणजे 'गाता'. त्याचं झालं 'गेट'. दरवाजावालं गेट मात्र जुन्या इंग्रजीतलं. दोन वेगळे शब्द झिजत झिजत एकाच उच्चारावर आले. आपल्याकडे नाही का, लग्नातला 'वर' संस्कृत 'वर'मधून आला आणि माळ्यावरचा 'वर' 'उपरि'मधून!

आता दुसरा शब्द: लेक. आपली लेक नव्हे हां! इंग्रजीत लेक म्हणजे तळं. पण यॉर्कशायरच्या बोलीत लेक म्हणजे खेळणं. हाही व्हायकिंगांचाच शब्द. काम नसल्यामुळे घरी बसलेल्या कामगारालाही तिथे 'लेकिंग' करतोय म्हणायचे. आणि तुमच्या लहानपणीचा लेगो? ते नाव डॅनिश भाषेतल्या 'छान खेळ' या अर्थाच्या दोन शब्दांवरून आलंय. त्यातलं 'लेग' हे याच लेकचं भावंड.

आता मुद्द्याचं. असं बोलणाऱ्याला लोक गावंढळ समजायचे. जोसेफ राइट हा यॉर्कशायरचाच मुलगा. लहानपणीच गिरणीत कामाला लागला. पंधराव्या वर्षापर्यंत त्याला धड वाचताही येत नव्हतं. पुढे तोच ऑक्सफर्डमध्ये प्राध्यापक झाला आणि त्याने इंग्रजी बोलींचा सहा खंडांचा कोश काढला, 1898 ते 1905 या काळात. ज्या शब्दांना लोक हसत होते, ते त्याने अर्थासकट, गावागावांच्या नोंदींसकट छापून ठेवले. नाहीतर त्यातले कितीतरी शब्द म्हाताऱ्या माणसांबरोबरच गेले असते.

म्हणून सांगतो, आजीच्या तोंडून एखादा शब्द भलत्याच अर्थाने ऐकलात, तर "चुकलीस" म्हणायच्या आधी विचारा, "आजी, म्हणजे काय गं?" आणि फोन हातात आहेच, तर तेवढं रेकॉर्डही करा.

भेटू पुढच्या भागात!