हैदराबादहून जुनी कार घेताय? चमक नको, रंगाचा थर बघा

हैदराबाद : देगलूर, उदगीरकडची मंडळी जुनी कार बघायला हैदराबाद गाठतात. काळी गाडी आरशासारखी चमकते आणि मन तिथेच बसतं. ही चमक अनेकदा रबिंग कंपाउंडची असते.

कंपाउंड ओरखडा भरत नाही. आजूबाजूचा थर घासून ओरखड्याच्या तळाशी आणतं, एवढंच. हल्लीच्या गाड्यांना रंगावर पारदर्शक क्लिअर कोट असतो, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ. दर घासणीला त्यातलेच काही मायक्रॉन जातात. तो संपला की छत, बॉनेट उन्हाने पांढरट पडतं, मग पुन्हा रंग मारण्यावाचून इलाज नाही.

ओरखड्यावर नख फिरवा. अडकलं तर कंपाउंडचा उपयोग नाही. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा मात्र जातात. त्या बहुतेक कोरड्या फडक्यानेच पडतात. हैदराबाद ग्रॅनाइटच्या खडकावर वसलंय, तिथल्या धुळीतले गारगोटीचे कण क्लिअर कोटपेक्षा कठीण. म्हणून आधी भरपूर पाणी, मगच फडकं. घरी पॉलिश करायचंच तर सावलीत, सगळ्यात बारीक कंपाउंडने, तळहाताएवढ्या जागेवर करून बघा. कडांना हात लावू नका, तिथे थर पातळ असतो.

सौद्याआधी डिटेलिंगवाल्याकडून रंगाची जाडी मोजून घ्या. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. एखाद्या दरवाजावर ३०० दिसले तर तो दरवाजा परत रंगवलेला समजा, आणि भाव त्या हिशोबाने बोला.