परदेशी मासा खावा की नाही?

नांदेडला गोदावरी आहे. लातूरला मांजरा आहे. या नद्यांच्या काठी कितीतरी भोई घरांची चूल जाळ्यावर पेटते. पण आता आपल्या राज्यातल्या पाण्यात परदेशी मासेही शिरले आहेत. त्यांतले दोन ओळखून ठेवू या.

पहिला चिलापी. त्याला तिलापिया असेही म्हणतात. हा मूळचा आफ्रिकेतला. 1952 साली तो लंकेहून भारतात आणला. गरिबाला स्वस्त मासा मिळावा, हा हेतू होता. पण चिलापीची मादी अंडी तोंडात सांभाळते. पिल्लांनाही तोंडात जपते. म्हणून पिल्ले फार जगतात. वर्षातून अनेकदा वीण होते. बघता बघता तळे भरते. मग रोहू-कटल्याला चारा पुरत नाही. भीमेवरच्या उजनी धरणात आज जाळ्यात चिलापीच फार येतो.

दुसरा थाई मांगूर. नाव थाई, पण मूळ हाही आफ्रिकेतलाच. तो वरची हवा घेतो, म्हणून घाण पाण्यातही तगतो. लहान मासे गिळतो. सरकारने 2000 साली तो पाळण्यावर बंदी घातली. 2019 साली राष्ट्रीय हरित लवादानेही त्याचे साठे नष्ट करायला सांगितले.

मग हे मासे खावेत का? नदीतला चिलापी खुशाल पकडा, खा, विका. पकडला तेवढा कमी झाला.

कोणी म्हणेल, "मग मांगूरही खाऊनच संपवू की!" बोलणे पटण्यासारखे आहे. पण भाव मिळू लागला, की माणूस मासा संपवत नाही, पाळू लागतो. पावसाळ्यात तळे फुटते. मासा ओढ्याला लागतो. ओढ्यातून मांजरेत आणि मांजरेतून गोदावरीत जातो. पाळणारा एक, आणि जाळी रिकामी राहतात ती खालच्या साऱ्या गावांची. म्हणून ही बंदी आहे.

तेव्हा एवढे करा. तळ्यात बीज सोडण्याआधी ते कोणत्या माशाचे आहे, हे विचारून घ्या. चिलापी पाळायचा असेल, तर आधी मत्स्य विभागाची परवानगी काढा. मांगूर जाळ्यात आला, तर पाण्यात परत सोडू नका. मत्स्य विभागाच्या कचेरीत कळवा. आणि एका पाण्यातला जिवंत मासा दुसऱ्या पाण्यात कधी नेऊन टाकू नका.