उसाचं वजन हरवायचं नाही!

गळीत हंगाम सुरू झाला, की आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातले रस्ते उसाच्या ट्रॉल्यांनी भरून जातात. कारखान्याच्या फाटकात प्रत्येक ट्रॉली काट्यावर चढते आणि वजनाची नोंद होते. 1950 साली प्रवरानगरला महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तेव्हा अशा नोंदी कागदावर असत. आता त्या संगणकात जातात. शेतकऱ्याचे पैसे याच आकड्यावर ठरतात बरं का!

पण त्या संगणकातली हार्ड डिस्कच बंद पडली तर? तिच्या आतल्या चकत्या मिनिटाला 7,200 वेळा गरगरत असतात. कधीतरी त्या दमणारच!

1988 साली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातले डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक युक्ती मांडली. एका महागड्या डिस्कऐवजी बऱ्याच स्वस्त डिस्क एकत्र जोडायच्या. या जोडणीला म्हणतात 'रेड'.

समजा, आपल्याकडे 4 टेराबाइटच्या चार डिस्क आहेत. 'रेड 0' मध्ये माहितीचे तुकडे चारही डिस्कवर वाटले जातात. जागा पूर्ण 16 टेराबाइट, वेगही भन्नाट. पण एक डिस्क गेली, की सगळंच गेलं. 'रेड 10' मध्ये डिस्कच्या जोड्या लावून प्रत्येक गोष्ट दोनदा लिहितात. मग जागा उरते 8.

'रेड 5' मात्र जादूगारच! जागा 12 टेराबाइट, आणि कोणतीही एक डिस्क गेली तरी माहिती शाबूत. कशी? तीन डिस्कवर 1, 0, 1 लिहा. नियम असा, की एकूण 1 सम संख्येत हवेत. इथे दोन आहेत, म्हणून चौथ्या डिस्कवर 0. आता पहिली डिस्क गेली. उरले 0, 1, 0. एकच 1 दिसतोय, म्हणजे हरवलेला आकडा 1 च!

मग काट्याच्या नोंदींसाठी काय निवडायचं? मी 'रेड 6' निवडेन. जागा 8 च, पण कोणत्याही दोन डिस्क गेल्या तरी चालतं. नवी डिस्क भरून निघायला कित्येक तास लागतात; तेवढ्यात दुसरीही बिघडू शकते ना! शिवाय एक प्रत दुसऱ्या इमारतीत हवीच. चुकून पुसलेली नोंद सगळ्याच डिस्कवरून पुसली जाते, तिथे कुठलंच 'रेड' कामी येत नाही.

आता चार चिठ्ठ्यांवर 'रेड 5' मधले 1, 0, 1, 0 हे आकडे लिहा आणि मित्राला एक लपवायला सांगा. तुम्ही ती बरोबर ओळखाल. मग दोन लपवायला सांगा. अडलात? म्हणूनच 'रेड 6' आणखी एक वेगळं गणित करून ठेवतं!